अकरावीला परदेशी भाषा घ्यावी का? जर्मन, जपानी, फ्रेंचबाबत गावाकडच्या पालकांना हवी ती माहिती

दहावीचा निकाल लागला की घरोघर दोन प्रश्न असतात. सायन्स घ्यायचं की कॉमर्स, आणि कॉलेज तालुक्याचं की शहरातलं. अलीकडं त्यात तिसरा प्रश्न आला आहे. दुसरी भाषा कोणती घ्यायची? "जर्मन घेतली की मार्क पडतात", "जपानी आली की थेट जपानला नोकरी" असे मेसेज गावाच्या ग्रुपवर फिरत असतात. मेसेज पाठवणारा पाठवून मोकळा होतो, फी मात्र बापाला भरावी लागते. म्हणून या भाषा शाळा-कॉलेजात कुठे मिळतात, दोन वर्षांत किती येतात आणि त्यातून पुढं काय मिळतं, याची माहिती इथं एकत्र दिली आहे.

गाडीवाटच्या पोरांनी जपानी निवडली

ग्रामीण पोरांना परदेशी भाषा झेपत नाही, हा समज आधी बाजूला ठेवावा लागेल. छत्रपती संभाजीनगर शहरापासून साधारण २५ किलोमीटरवर गाडीवाट नावाचं गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेनं २०१९ मध्ये चौथी ते आठवीच्या मुलांना विचारलं, कोणती परदेशी भाषा शिकायला आवडेल? बऱ्याच मुलांना रोबो आणि यंत्रांची आवड होती. त्यांनी जपानी सांगितली.

शाळेत जपानीचा शिक्षक नव्हता, पुस्तकंही नव्हती. शिक्षकांनी इंटरनेटवरचे व्हिडिओ आणि भाषांतराचं ॲप यावर सुरुवात केली. पुढं शहरातल्या एका जाणकारानं फुकट ऑनलाइन तास घ्यायचं कबूल केलं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये हे तास सुरू झाले. सगळ्यांच्या घरी स्मार्टफोन नव्हता. मग ज्याच्याकडं फोन आहे त्यानं तासाला बसायचं आणि नंतर गल्लीतल्या दुसऱ्या मुलांना शिकवायचं, अशी 'विषयमित्र' पद्धत शाळेनं लावली. मुलं थोडंफार जपानी बोलायला लागली. ही बातमी तेव्हा देशभर गेली.

या गोष्टीतून दोन बाबी दिसतात. पहिली, पोरांची तयारी असते. दुसरी, ही सोय आठवीपर्यंतच्या शाळेत शिक्षकांच्या धडपडीतून उभी राहिली. असं काही शिकलेलं मूल पुढं दहावी पास होऊन तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात जातं, तेव्हा तिथल्या विषयांच्या यादीत ती भाषा बहुतेक वेळा नसते. खरी अडचण तिथं सुरू होते.

अकरावी-बारावीला नियम काय आहे

राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीला इंग्रजी सगळ्यांना सक्तीची आहे. तिच्या जोडीला दुसरी भाषा घेता येते. ती मराठी, हिंदी, संस्कृत, पाली, उर्दू यांपैकी एक असू शकते किंवा आधुनिक परदेशी भाषाही असू शकते. मंडळाच्या विषयांत जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी, स्पॅनिश अशा भाषा आहेत. फारसी आणि अरबीही आहेत. दुसऱ्या भाषेऐवजी आयटी हा विषय घ्यायची मुभा आहे. जेईई-नीटची तयारी करणारी बरीच मुलं आयटी घेतात.

भाषेचा पेपर १०० गुणांचा असतो. त्यातले ८० लेखी आणि २० तोंडी व अंतर्गत कामाचे. परदेशी भाषेलाही हीच विभागणी लागू आहे.

आता नियमात विषय आहे म्हणून तो कॉलेजात आहेच, असं नाही. कॉलेजला त्या विषयाची मान्यता लागते, शिक्षक लागतो आणि वर्ग भरेल एवढी मुलं लागतात. पुण्या-मुंबईच्या बऱ्याच कॉलेजांत जर्मन किंवा फ्रेंच आहे. तालुक्याच्या ठिकाणी साधारण मराठी, हिंदी आणि फार तर आयटी एवढंच मिळतं. २०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला आहे. त्यामुळं घरबसल्या कोणत्याही जिल्ह्याचं कॉलेज पसंतीक्रमात टाकता येतं. पण तिथं दुसरी भाषा कोणती शिकवतात, हे अर्ज भरण्याआधी कॉलेजला फोन करून किंवा जाऊन विचारलेलं बरं. काही कॉलेजांत भाषा मुळापासून शिकवतात, तर काही ठिकाणी शाळेत आधी शिकलेल्यांनाच घेतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलासाठी हा फरक फार मोठा आहे.

सीबीएसईच्या शाळांतही फ्रेंच, जर्मन, जपानी, स्पॅनिश, रशियन असे विषय आहेत. शेजारच्या गोव्यात हायस्कूलला तिसरी भाषा म्हणून फ्रेंच आणि पोर्तुगीज घ्यायची सोय आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक स्तरावर कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि रशियन या भाषा देता येतील असं लिहिलं आहे. धोरणात लिहिलं तरी शिक्षक नेमल्याशिवाय वर्ग भरत नाही.

सुरू झालेली भाषा बंदही पडते

याचं मोठं उदाहरण केंद्रीय विद्यालयांचं आहे. २०११ मध्ये केंद्रीय विद्यालय संघटन आणि जर्मनीची गोएथे इन्स्टिट्यूट यांच्यात करार झाला. त्यानंतर सहावी ते आठवीला तिसरी भाषा म्हणून जर्मन शिकवणं सुरू झालं. नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्र सरकारनं ते थांबवून त्या जागी संस्कृत किंवा दुसरी भारतीय भाषा आणायचं ठरवलं. तेव्हा देशभरातली सुमारे ७० हजार मुलं जर्मन शिकत होती आणि वर्ष अर्धं सरलं होतं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. पुढं जर्मन ही जादा, ऐच्छिक भाषा म्हणून राहिली.

यात कोण बरोबर हा वाद वेगळा. पालकांनी यातून घ्यायचं ते एवढंच, की एका शिक्षकावर किंवा एका करारावर चाललेला विषय मधेच थांबू शकतो. कॉलेज निवडताना तिथं ही भाषा किती वर्षांपासून सुरू आहे आणि गेल्या वर्षी बारावीला किती मुलं बसली होती, हे दोन प्रश्न आवर्जून विचारावेत.

मार्क पडतात, पण भाषा किती येते?

परदेशी भाषेत मार्क पडतात, हे बरंचसं खरं आहे. अभ्यासक्रम सुरुवातीच्या पातळीचा असतो. व्याकरण ठरलेलं असतं आणि उत्तर बरोबर किंवा चूक असं असतं. मराठीच्या पेपरात निबंध आणि रसग्रहणाला जेवढे मार्क कापले जातात, तेवढे इथं कापले जात नाहीत, असं मुलं सांगतात.

पण बारावीच्या मार्कशीटवर जर्मनमध्ये ९० असले म्हणून जर्मनीतला मालक मुलाला कामावर घेत नाही. परदेशात भाषेची पातळी पाहतात. युरोपातल्या भाषांसाठी ए-१, ए-२, बी-१, बी-२, सी-१, सी-२ अशा सहा पायऱ्या आहेत. ए-१ म्हणजे नाव-गाव सांगता येणं, दुकानात वस्तू मागता येणं. बी-१ म्हणजे रोजच्या व्यवहारात कुणाच्या मदतीशिवाय निभावणं. बी-२ म्हणजे कामाच्या ठिकाणी नीट बोलता-लिहिता येणं.

गोएथे इन्स्टिट्यूटच्या सांगण्यानुसार मुळापासून सुरू केलं तर ए-१ साठी ८० ते २००, बी-१ साठी ३५० ते ६५० आणि बी-२ साठी ६०० ते ८०० तासिका लागतात. एक तासिका ४५ मिनिटांची. आता कॉलेजचा हिशेब मांडून पाहावा. आठवड्याला चार तासिका आणि वर्षात तीस आठवडे शिकवणं झालं असं धरलं, तर दोन वर्षांत २४० तासिका होतात. एकही तास बुडाला नाही तरी मुलगा ए-२ च्या आसपास येतो. नोकरीसाठी लागणारी बी-१ किंवा बी-२ पायरी त्याच्या पुढं आहे.

म्हणजे बारावीची परदेशी भाषा हा पाया आहे. पाया घातला की घर झालं असं कुणी म्हणत नाही. पुढची दोन-तीन वर्षं शिकायची तयारी असेल तर अकरावीला केलेली सुरुवात फार उपयोगाची. फक्त टक्के वाढवायला घेतली तर बारावीनंतर वर्षभरात ती विसरते.

मराठी पोरांना काय सोपं, काय अवघड

मराठी येणाऱ्याला काही भाषांत चांगला फायदा होतो. ही गोष्ट क्लासवाले सहसा सांगत नाहीत.

जपानी वाक्याची रचना मराठीसारखीच असते. क्रियापद शेवटी येतं. 'वाताशी वा मिझु ओ नोमिमासु' म्हणजे 'मी पाणी पितो'. वाताशी म्हणजे मी, मिझु म्हणजे पाणी, नोमिमासु म्हणजे पितो. मराठीत 'ला', 'हून' असे प्रत्यय शब्दाच्या मागं लागतात, तसंच तिथंही आहे. 'पुणे कारा' म्हणजे पुण्याहून. मोठ्यांशी बोलताना क्रियापद बदलतं, जसं आपल्याकडं अरे-तुरे आणि अहो-जाहो. इंग्रजी माध्यमाच्या मुलाला जे उलटं वाटतं, ते मराठी पोराला सरळ वाटतं. त्यांच्या मूळ अक्षरांचा क्रम आ, इ, उ, ए, ओ आणि मग का, की, कू असा आहे. या क्रमामागं संस्कृत वर्णमालेचा प्रभाव आहे.

अवघड आहे ती लिपी. हिरागाना आणि काताकाना अशा दोन लिप्या, प्रत्येकीत ४६ मूळ अक्षरं. ती महिनाभरात येतात. त्यानंतर कांजी ही चित्रलिपी. जपान सरकारच्या रोजच्या वापराच्या यादीत २,१३६ कांजी आहेत. रोज थोडी थोडी गिरवल्याशिवाय त्या डोक्यात राहत नाहीत.

जर्मनमध्ये मराठीसारखीच तीन लिंगं आहेत. तो, ती, ते यांच्या जागी देर, डी, दास. तीन लिंगं असतात ही कल्पना इंग्रजी माध्यमाच्या पोराला नवीन असते, मराठी पोराला ती जन्मापासून ठाऊक असते. मात्र लिंगं जुळत नाहीत. आपल्याकडं सूर्य 'तो', जर्मनमध्ये 'ती'. आपलं दूध 'ते', त्यांचं 'ती'. म्हणून प्रत्येक शब्द लिंगासकट पाठ करावा लागतो. उच्चारात पुन्हा फायदा आहे. जर्मन 'झेड' अक्षराचा उच्चार आपल्या चमच्यातल्या 'च' सारखा होतो. हिंदी भाषिकांना तो मुद्दाम शिकावा लागतो, आपल्याला येतोच.

फ्रेंचमध्ये दोनच लिंगं आहेत आणि बरेच शब्द इंग्रजीला जवळचे आहेत. पण लिहितात एक आणि बोलतात दुसरं. रेनॉ गाडीच्या नावात शेवटी दोन अक्षरं लिहिलेली असतात, ती कुणी उच्चारत नाही. ज्या मुलाचं इंग्रजी बरं आहे त्याला फ्रेंच लवकर जमते. ज्याचं इंग्रजी कच्चं आहे त्याला जपानी किंवा जर्मन अवघड जाईलच असं नाही.

नोकरीचं खरं चित्र

जर्मनीत कामाला माणसं कमी आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीच्या बाडेन-वुटेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. पहिल्या टप्प्यात १० हजार तरुण पाठवायचं ठरलं. त्यात नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर अशी कामं होती आणि निवड झालेल्यांना जर्मन शिकवायचा खर्च सरकारनं करायचा होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीनं कुशल भारतीयांसाठीचे व्हिसा वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचं जाहीर केलं. दार उघडं आहे, पण उंबरठ्यावर भाषा विचारतात. नर्सला तिथं पूर्ण मान्यता मिळण्यासाठी साधारण बी-२ लागते. बारावीनंतर तिथं जाऊन काम करत धंदेशिक्षण घेण्याची 'आउसबिल्डुंग' नावाची पद्धत आहे. ती दोन ते साडेतीन वर्षांची असते आणि शिकताना पगार मिळतो. तिला बहुतेक ठिकाणी बी-१ मागतात. सरकारी योजनेची आजची स्थिती काय आहे, हे जवळच्या आयटीआयमध्ये किंवा जिल्ह्याच्या शिक्षण विभागात विचारूनच पुढं जावं.

जपाननं एप्रिल २०१९ मध्ये 'विशिष्ट कौशल्य कामगार' नावाचा व्हिसा सुरू केला. जानेवारी २०२१ मध्ये भारताशी त्याचा करार झाला. यात वृद्धांची देखभाल, बांधकाम, हॉटेल यांच्याबरोबर शेती आणि पशुपालनही आहे. त्यासाठी जपानी भाषेची 'जेएलपीटी एन-४' किंवा 'जेएफटी-बेसिक' ही परीक्षा आणि कामाची वेगळी परीक्षा पास व्हावी लागते. देखभालीच्या कामाला भाषेची आणखी एक परीक्षा असते. या व्हिसाच्या पहिल्या प्रकारात एकूण पाच वर्षं राहता येतं, पण कुटुंब नेता येत नाही. हे लग्न ठरवताना आणि कर्ज काढताना घरच्यांना माहीत असायला हवं.

परदेशात जायचं नसेल तरीही काम आहे. चाकणला जर्मन गाड्यांचे कारखाने आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सुपे एमआयडीसीत जपानी कंपन्यांसाठी वेगळं क्षेत्र ठेवलेलं आहे. अजिंठा-वेरूळला परदेशी पर्यटक येतात, तिथं त्यांच्या भाषेत सांगणाऱ्या गाइडला मागणी असते. भाषांतर आणि कंपन्यांची कागदपत्रं तपासणं ही कामं घरी बसूनही होतात, पण त्याला भाषा वरच्या पातळीची लागते. शिवाय या सगळ्या ठिकाणी इंग्रजीही लागतंच. परदेशी भाषा इंग्रजीच्या जोडीला येते, तिच्याऐवजी नाही.

कॉलेजात विषय नसेल तर

तालुक्याच्या कॉलेजात जर्मन नाही म्हणून मुलाला शहरात ठेवायचं, हा खर्चाचा मार्ग आहे. खोलीभाडं, मेस आणि प्रवास मिळून भाषेच्या फीपेक्षा जास्त जातात. फक्त भाषेसाठी हा खर्च करण्याआधी दुसरे मार्ग पाहावेत.

अकरावी-बारावीला मराठी किंवा आयटी घेऊन भाषा बाहेरून शिकता येते. गोएथे, जेएलपीटी किंवा फ्रेंचची डेल्फ या परीक्षांना कॉलेजात तो विषय असावाच लागतो असं नाही. बाहेरून शिकून थेट परीक्षेला बसता येतं. जेएलपीटी वर्षातून दोनदा, जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते. पुणे आणि मुंबईत केंद्रं आहेत. एन-५ ही सगळ्यात सोपी पायरी आणि एन-१ सगळ्यात अवघड. एन-५ ला १८० पैकी ८० गुण लागतात, शिवाय प्रत्येक भागात ठरावीक किमान गुण लागतात. गोएथेच्या बी-१ परीक्षेत वाचणं, ऐकणं, लिहिणं आणि बोलणं असे चार भाग असतात. प्रत्येकात ६० टक्के लागतात आणि राहिलेला भाग नंतर पुन्हा देता येतो.

मोबाइलवर फुकट शिकायला चांगल्या गोष्टी आहेत. जर्मनीच्या डॉइचे वेलेचा 'निकोस वेग' हा व्हिडिओ कोर्स ए-१ ते बी-१ पर्यंत आहे. जपानच्या एनएचके वर्ल्डचे सोपे जपानी धडे हिंदीतूनही आहेत. जपान फाउंडेशनचं 'इरोदोरी' हे पुस्तक फुकट डाउनलोड करता येतं. ते खास कामासाठी जपानला जाणाऱ्यांना डोळ्यासमोर ठेवून केलेलं आहे. सुरुवातीचे सहा महिने यावर काढले तर मुलाची आवड खरी की मित्रानं घेतली म्हणून आलेली, हे खर्च न करता कळतं. त्यानंतर मात्र चुका दुरुस्त करणारा शिक्षक लागतो. बोलणं एकट्यानं शिकता येत नाही.

बारावीनंतरचे मार्ग बरेच आहेत. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात पुणे विद्यापीठाचा परदेशी भाषा विभाग आहे. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठातही असा विभाग आहे. इग्नूचे परदेशी भाषांचे प्रमाणपत्र कोर्स घरून करता येतात. पूर्णवेळ भाषाच शिकायची असेल तर दिल्लीचं जेएनयू आणि हैदराबादची इफ्लू ही केंद्रीय विद्यापीठं आहेत. तिथं बारावीनंतर सीयूईटी परीक्षेतून परदेशी भाषेच्या बीएला प्रवेश मिळतो. खाजगी कॉलेजच्या तुलनेत फी बरीच कमी आणि वसतिगृह आहे. गावाकडून हा अर्ज फार कमी मुलं भरतात.

एजंटपासून सावध

भाषा आणि परदेशातली नोकरी एकाच पॅकेजमध्ये विकणारे आता तालुक्याच्या गावांत पोचले आहेत. 'तीन महिन्यांत बी-१, नोकरीची हमी' असं कुणी म्हणालं तर वरचा हिशेब आठवावा. बी-१ ला कमीत कमी ३५० तासिका लागतात. तीन महिन्यांत तेवढ्या करायच्या तर रविवार सोडून रोज साडेचार तासिका बसावं लागेल, आणि त्यावर घरचा अभ्यास वेगळा. तेही लवकर शिकणाऱ्या मुलाचं गणित झालं.

परदेशात नोकरीला पाठवणाऱ्या एजंटकडं केंद्र सरकारची नोंदणी लागते. ती 'ई-मायग्रेट' या सरकारी वेबसाइटवर नाव टाकून तपासता येते. नोंदणी असलेल्या एजंटलाही सेवेचे म्हणून ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाहीत. कुणी दोन-चार लाख रोख मागत असेल, पावती देत नसेल, पासपोर्ट किंवा मूळ मार्कशीट ठेवून घेत असेल, तर तिथून उठावं. क्लासच्या नावाचं प्रमाणपत्र व्हिसाला चालत नाही. गोएथे, जेएलपीटी, जेएफटी अशा मान्य परीक्षेचंच लागतं. जमीन गहाण ठेवून किंवा दागिने मोडून पैसे द्यायच्या आधी मुलाच्या हातात निदान पहिल्या पायरीचं खरं प्रमाणपत्र असावं. ते नसेल तर घाई एजंटची आहे, आपली नाही.

आणि मराठीचं काय?

परदेशी भाषा घेतली की मराठी सुटते, ही काळजी रास्त आहे. २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची झाली. अकरावीत परदेशी भाषा घेतली की शाळेतली मराठी मात्र तिथंच थांबते. म्हणून घरात पेपर वाचणं, पुस्तक आणणं हे चालू ठेवावं लागतं. मॉरिशसमधली मराठी कुटुंबं याचं उदाहरण आहेत. तिथं शाळेत इंग्रजी आणि फ्रेंच असते, घरी-दारी क्रिओल बोलतात आणि मुलांना शाळेत मराठीही शिकता येते. एका भाषेनं दुसरीला हाकलावं असं काही नसतं.

आपल्या मराठीतही परदेशी शब्द मुरलेले आहेत. बटाटा, कोबी, पाव, घमेलं, चावी, पगार हे पोर्तुगीजांकडून आले. जमीन, शहर हे फारसीतून आले. आज ते परके आहेत असं कुणालाही वाटत नाही.

आणखी एक गोष्ट आजच्या पोरांना सांगायला हवी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शाळेत संस्कृत घ्यायची होती. अस्पृश्य म्हणून ती नाकारली गेली आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले. पुढं त्यांनी जर्मन आणि फ्रेंचही शिकून घेतली आणि जर्मनीतल्या बॉन विद्यापीठापर्यंत गेले. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात, वयाची पन्नाशी उलटल्यावर, पुस्तकांवरून जर्मन आणि फ्रेंचचा अभ्यास केला. एकाला हवी ती भाषा मिळाली नाही, दुसऱ्याजवळ शिक्षक नव्हता. आज गावातल्या मुलाला जातीवरून भाषा नाकारता येत नाही, पण कॉलेजच्या यादीत ती नसते म्हणून मिळत नाही. ही यादी बदलायची तर पालकांनी आणि शाळा व्यवस्थापन समितीनं संस्थेकडं लेखी मागणी करायला हवी. पुरेशी मुलं मागणी करतात हे दिसल्याशिवाय संस्था विषयाची मान्यता मागत नाही.

प्रवेशाआधी विचारायचे सहा प्रश्न

१. कॉलेजात ही भाषा किती वर्षांपासून आहे आणि शिक्षक कायम आहे की तासिकेवर?

२. मुळापासून शिकवतात की आधी शिकलेलं लागतं? समजावून सांगतात ते मराठीत की इंग्रजीत?

३. आठवड्याला किती तासिका होतात आणि बोलण्याचा सराव घेतात का?

४. दोन वर्षांत बाहेरची कोणती परीक्षा देता येईल, ए-१, ए-२ की एन-५?

५. बारावीनंतर ही भाषा पुढं शिकायची मुलाची तयारी आहे का? नसेल तर मराठी किंवा आयटी घेऊन मुख्य विषयांकडं लक्ष देणं बरं.

६. मुलानं ही भाषा महिनाभर मोबाइलवर शिकून पाहिली आहे का?

सहावा प्रश्न सगळ्यात स्वस्त आहे. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि कॉलेज पावसाळ्यात सुरू होतं. मधल्या सुट्टीत रोज एक तास दिला तर जपानीच्या दोन्ही लिप्या नाहीतर जर्मनचे पहिले धडे सहज होतात. एवढं करून मूल स्वतःहून पुढचा धडा उघडत असेल, तर फीचा विचार करायला हरकत नाही.